विद्यापीठातली दुर्बीण नेमकी असते कुठे?

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात शाळकरी मुलांची झुंबड उडते. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते. मुलं फुकोचा झुलणारा लंबक बघतात, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांच्या पुतळ्यांपाशी फोटो काढतात, आणि मग एखादं पोर हमखास विचारतं, “पण दुर्बीण कुठाय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. दवाखाना म्हटला की स्टेथोस्कोप, गिरणी म्हटली की जातं, तशी खगोलशास्त्राची संस्था म्हटली की दुर्बीण हवीच. पण गणेशखिंडीच्या आसपास रात्रभर रस्त्यावरचे दिवे जळतात, गाड्यांची वर्दळ थांबत नाही, आणि चार महिने पावसाळी ढग हटत नाहीत. इथून उघड्या डोळ्यांना जेमतेम काही डझन तारे दिसतात. अशा जागी बसून लोक अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास करतात, तो कसा?

त्या मुलाला खरं उत्तर द्यायचं तर त्याला एसटीत बसवून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला न्यावं लागेल आणि पुन्हा इथेच परत आणावं लागेल. आजची दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावायची नळी राहिलेली नाही. ती एक लांबलचक साखळी झाली आहे. तिचं एक टोक जुन्नर तालुक्यातल्या शेतांत असतं, तर दुसरं गणेशखिंडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकात. ही साखळी एकेक कडी करून पाहू.

एका आवारात तीन शेजारी

जुन्या वाड्यात एकाच चौकाभोवती तीन बिऱ्हाडं असावीत, तशा या आवारात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या तीन जागा आहेत. पहिली म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा स्वतःचा भौतिकशास्त्र विभाग. इथे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी शिकतात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळा चालतात. दुसरी आयुका. ‘आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र’ या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे सुटसुटीत नाव पडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये ते स्थापन केलं आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक झाले. इमारतीचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. तिसरी एनसीआरए, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र.

आयुकाच्या नावातला ‘आंतर-विद्यापीठ’ हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ताऱ्यांवर संशोधन करायचं आहे. त्याच्या कॉलेजला मोठी दुर्बीण परवडणार नाही, मोठे संगणक परवडणार नाहीत, परदेशी नियतकालिकांची वर्गणीही नाही. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःची विहीर खणता येत नसेल, तर गावाने मिळून एक सामाईक विहीर खणावी. आयुका ही देशभरातल्या विद्यापीठांची अशी सामाईक विहीर आहे. ठिकठिकाणचे प्राध्यापक इथे काही आठवडे येऊन राहतात, काम करतात, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येतात आणि परत जाऊन आपल्या गावी ते काम पुढे नेतात.

झोक्यावरचा इलेक्ट्रॉन

आकाशाकडे जाण्याआधी भौतिकशास्त्र विभागातलं एक यंत्र पाहू. त्याचं नाव मायक्रोट्रॉन. इलेक्ट्रॉनला प्रचंड वेग द्यायचा, हे त्याचं काम.

झोक्यावर बसलेल्या मुलाला एकाच दणक्यात उंच पाठवता येत नाही. झोका मागे आला की हलकासा धक्का द्यायचा, पुन्हा आला की पुन्हा धक्का. प्रत्येक धक्का छोटा, पण बरोबर वेळेवर दिलेला. मायक्रोट्रॉनमध्ये धक्का देतं ते सूक्ष्मलहरींचं विद्युत क्षेत्र. इलेक्ट्रॉन त्यातून पार झाला की इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची चुंबकं त्याला वळवून पुन्हा त्याच जागी आणतात. प्रत्येक फेरीत ऊर्जा वाढते, तशी कक्षाही रुंद होते. हा मार्ग शर्यतीच्या मैदानासारखा, दोन्ही टोकांना गोल आणि मध्ये सरळ, म्हणून याला ‘रेसट्रॅक मायक्रोट्रॉन’ म्हणतात.

इथे इलेक्ट्रॉनांना ६० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा देता येते. घड्याळात घालतो तसे दीड व्होल्टचे ४० लाख सेल एका रांगेत जोडले, तर इलेक्ट्रॉनला तेवढी ऊर्जा मिळेल. या वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा निरनिराळ्या पदार्थांवर आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर करून त्यांच्यात काय बदल होतात, हे तपासलं जातं. अवकाशात उपग्रहांवर असा मारा सतत होत असतो. तिथे गेलेला भाग दुरुस्तीला परत आणता येत नाही, म्हणून त्याची परीक्षा आधी जमिनीवरच घ्यावी लागते.

छत्रीला भोकं, तरी गळत नाही

आता पुणे-नाशिक रस्त्याने निघू. नारायणगावच्या आसपास द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोची शेतं लागतात, आणि मध्येच एखादी अवाढव्य लोखंडी छत्री आभाळाकडे तोंड करून उभी दिसते. खोडद गावाजवळ तर अशा अनेक छत्र्या एकत्र आहेत. ही महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण, सगळ्यांच्या ओळखीचं नाव जीएमआरटी. तिच्यात एकूण ३० छत्र्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. दहा-बारा एसटी गाड्या आत सहज मावतील, एवढी ही जागा.

जवळ गेलं की पहिलं आश्चर्य वाटतं ते छत्रीच्या अंगाचं. पत्रा नाहीच, नुसती तारेची जाळी. पलीकडचं आकाश आरपार दिसतं. ज्या छत्रीतून प्रकाश गळून जातो, तिने आकाशातून येणाऱ्या लहरी कशा अडवायच्या?

याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या चाळणीत आहे. चाळणीतून काय खाली पडेल, हे भोकाच्या आणि दाण्याच्या मापावर ठरतं. लहरींचंही काहीसं तसंच असतं. लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर म्हणजे तिची तरंगलांबी. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, म्हणून त्याला ही जाळी म्हणजे उघडं दार. पण खोडदच्या दुर्बिणीला हव्या असलेल्या रेडिओलहरींची तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून २ मीटरहून अधिक असते. जाळीची भोकं आहेत १ ते २ सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते आणि लहर परावर्तित होते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारातली बारीक जाळी हेच करते. आतलं अन्न आपल्याला दिसतं, पण लहरी आतच राहतात.

छत्रीचा खोलगट आकार म्हणजे हातातल्या बॅटरीच्या आरशाचा उलटा खेळ. बॅटरीत छोट्या दिव्याचा प्रकाश आरशावर आपटून सरळ झोतात बाहेर पडतो. इथे सरळ येणाऱ्या लहरी छत्रीवर आपटून मधल्या एका बिंदूत गोळा होतात. त्या बिंदूवर लहरी टिपणारी साधनं बसवलेली असतात.

जाळी वापरण्याचं दुसरं कारण पैशाचं आणि वाऱ्याचं. ४५ मीटरची पत्र्याची छत्री वादळात शिडासारखी फुगली असती. तिला तोलायला मग आणखी लोखंड, म्हणजे आणखी खर्च. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला. लोखंडी नळ्यांच्या वाकवलेल्या कमानी उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये पोलादी दोर ताणायचे आणि दोरांवर जाळी बसवायची. बाजेच्या चौकटीत सुंभ ताणून विणतात, तीच ही रीत. वारा आरपार जातो, वजन कमी राहतं, आणि आकार तरी हवा तसा मिळतो.

स्वरूप यांच्या कामाची महाराष्ट्रातली सुरुवात याहून जुनी आहे. १९६५ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान छत्र्या कल्याणजवळ उभारून सूर्याचा अभ्यास सुरू केला होता. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण झाली. खोडद हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम. १९९०च्या दशकात तिथली दुर्बीण उभी राहिली आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

तीस छत्र्या, एकच डोळा

मग तीस कशाला? एकच मोठी का नाही?

दुर्बिणीला दोन गुण लागतात. एक, अंधूक ते दिसणं. दुसरा, बारकावा दिसणं. दूरवरून येणारी मोटार रात्री आधी एकच दिवा वाटते आणि जवळ आली की दोन दिवे वेगळे होतात. हे वेगळं दिसणं म्हणजे बारकावा. दुर्बीण जितकी रुंद, तितका बारकावा जास्त, आणि तरंगलांबी जितकी लांब, तितका कमी. रेडिओलहरी लांब असल्याने इथेच घोडं अडतं. २१ सेंटिमीटरच्या लहरींमध्ये ४५ मीटरची एक छत्री आकाशाचा चंद्रबिंबापेक्षा थोडाच लहान असा अख्खा तुकडा एकच ठिपका म्हणून पाहते. तेवढ्या जागेत शेकडो दीर्घिका असल्या तरी तिच्या लेखी तो एकच ठिपका.

यावरचा उपाय म्हणजे २५ किलोमीटर रुंदीची छत्री. ती कोण बांधणार? पण छत्रीचे तुकडे २५ किलोमीटरांत विखरून ठेवले आणि प्रत्येकाने टिपलेलं एकत्र जोडलं, तर बारकावा तेवढ्या मोठ्या छत्रीचाच मिळतो. खोडदला १४ छत्र्या सुमारे एक किलोमीटरच्या चौकात दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन हातांवर दूरपर्यंत पसरल्या आहेत. आता तोच ठिपका चंद्रबिंबाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो.

जोडणी कशी होते? आपल्या दोन कानांचं उदाहरण घ्या. उजवीकडून कुणी हाक मारली की आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि डाव्याला किंचित उशिरा पोहोचतो. त्या फरकावरून मेंदूला दिशा कळते. तसंच एखाद्या दीर्घिकेतून निघालेली लहर एका छत्रीवर आधी आणि दुसरीवर नंतर आदळते. छत्र्यांमध्ये २५ किलोमीटर अंतर असलं, तरी हा फरक फार तर सेकंदाच्या बाराहजाराव्या भागाएवढा. म्हणून सगळ्यांचे संकेत प्रकाशतंतूंच्या केबलमधून एका मध्यवर्ती इमारतीत येतात आणि संगणक हा उशीर अचूक मोजून भरून काढतो. एखादी छत्री सेकंदाच्या कोट्यंशानेही मागेपुढे झाली, तर सगळं चित्र विस्कटतं. ढोलपथकात एकाचा ठोका चुकला की कसं कानाला खटकतं, तसंच हे.

तीस छत्र्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राबद्दल एकेक माहिती देते. ठिपक्यांच्या रांगोळीत जितके ठिपके जास्त, तितकी आकृती नीट उमटते. एका क्षणाला ४३५ ठिपके मिळाले, पण ते पुरेसे नाहीत. इथे पृथ्वी स्वतः मदतीला येते. ती फिरत राहते, त्यामुळे दीर्घिकेच्या नजरेतून पाहिलं तर छत्र्यांची मांडणी सावकाश वळत जाते आणि प्रत्येक जोडीचा ठिपका पुढे सरकत एक कमान काढतो. आठ-दहा तास एकाच जागी नेम धरून बसलं, की रांगोळी भरत येते. रेडिओ दुर्बिणीचं चित्र कॅमेऱ्यासारखं एका क्लिकमध्ये येत नाही. ते काढावं लागतं.

तांदूळ निवडणं

साखळीचं पुढचं टोक पुन्हा गणेशखिंडीत येतं. छत्र्यांनी टिपलेले आकडे संगणकात उतरले, की विद्यार्थ्याचं खरं काम सुरू होतं. त्याला पहिल्यांदा कचरा काढायचा असतो.

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी किती क्षीण असतात, याचा अंदाज यावा म्हणून एक कल्पना करा. आपला साधा मोबाइल चंद्रावर ठेवून सुरू केला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओस्रोतांच्या पंक्तीत बसलेला दिसेल. तो चार लाख किलोमीटरवर असून ही गत. मग छत्रीजवळून जाणाऱ्या माणसाच्या खिशातला मोबाइल, वाहनाच्या इंजिनाची ठिणगी, विजेच्या तारेवरचा सैल जोड हे सगळं काय गोंधळ घालत असेल! खोडदची निवड करताना ही शांतता पाहिली गेली. आजूबाजूच्या डोंगरांमुळे शहरांचा रेडिओगोंगाट अडतो, तरीही जागा पुण्यापासून दोन-अडीच तासांवर राहते.

एवढं करूनही खडे येतातच. म्हणून विद्यार्थी आकड्यांच्या राशीतून संशयास्पद तुकडे बाजूला काढत बसतो. घरोघरी ताटात तांदूळ पसरून निवडतात, तसंच. संगणकाचे कार्यक्रम मदत करतात, पण शेवटचा डोळा माणसाचाच. निरीक्षण एका रात्रीचं आणि निवडणं महिन्यांचं, असं गणित पुष्कळदा असतं.

प्रकाशाच्या रेघा: गिरवली

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी आयुकाची स्वतःची दुर्बीण आहे. ती आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून आहे. तिचा मुख्य आरसा २ मीटर व्यासाचा आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. क्षेत्रफळांची तुलना केली, तर हा आरसा डोळ्याच्या सुमारे ८० हजार पट प्रकाश गोळा करतो.

पण तिथेही आज कुणी भिंगाला डोळा लावत नाही. आरशाने गोळा केलेला प्रकाश एका उपकरणात जातो. त्यात त्याची रंगीत पट्टी होते, पावसात सूर्यप्रकाशाचं इंद्रधनुष्य होतं तशी. या पट्टीला वर्णपट म्हणतात. नीट पाहिलं, तर तिच्यात काळ्या किंवा तेजस्वी रेघा असतात. हायड्रोजन, सोडियम, कॅल्शियम, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी. किराणा दुकानातल्या पुड्यावरच्या काळ्या रेघा वाचून यंत्र सांगतं की हा साबण आहे की बिस्किट. वर्णपटावरून खगोलशास्त्रज्ञ तसंच सांगतात की ताऱ्यात काय काय आहे.

रेघा आपल्या जागेवरून सरकल्या असतील, तर आणखी माहिती मिळते. दूर जाणाऱ्या एसटीचा भोंगा जरा घोगरा ऐकू येतो, तशा आपल्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूच्या रेघा तांबड्या टोकाकडे सरकतात. किती सरकल्या, त्यावरून वेग कळतो. पावसाळ्यात ही दुर्बीण बंद ठेवावी लागते. ढगांतून रेडिओलहरी आरपार येतात, प्रकाश येत नाही. म्हणून भर पावसातही खोडद चालू आणि गिरवली मुकी.

कार्यशाळेतून सूर्याकडे

काही लहरी जमिनीवर पोहोचतच नाहीत. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी बराच भाग हवेतला ओझोन अडवतो. आपल्या कातडीसाठी ते वरदान आहे, पण संशोधकांसाठी अडचण. म्हणून आयुकाच्या नेतृत्वाखाली एक दुर्बीण थेट अवकाशात पाठवण्यासाठी तयार झाली. तिचं नाव सूट. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांत ती ११ वेगवेगळ्या गाळण्यांमधून सूर्याचे फोटो काढते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वेगवेगळी गाळणी सूर्याच्या वातावरणाचा वेगवेगळा थर दाखवते, कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसा.

अशी दुर्बीण धुळीचा कणही चालणार नाही अशा स्वच्छ खोलीत जोडावी लागते. आदित्य-एल१ यानावर बसून ती २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या ठरलेल्या कक्षेत पोहोचली. तिथे पृथ्वी मध्ये येत नाही, त्यामुळे सूर्यावर अखंड नजर ठेवता येते.

आयुकातलं दुसरं मोठं काम कागद-पेन्सिलीचं आणि संगणकाचं आहे. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशातच लहर उठते. तिला गुरुत्वीय लहर म्हणतात. ती पृथ्वीवर पोहोचते तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या यंत्रात होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. बाकीच्या थरथरीतून तो कसा ओळखायचा? जत्रेच्या गलक्यातही आईला आपल्या पोराची हाक ओळखू येते, कारण ती हाक ओळखीची असते. लहरीचा आकार आधीच गणिताने काढून ठेवायचा आणि गोंगाटात तोच आकार शोधायचा, ही रीत. ती घडवण्यात डॉ. संजीव धुरंधर आणि आयुकातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत अशी लहर पहिल्यांदा टिपली गेली. आता असंच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. त्याला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

आकाशाची पाणीपाळी

एवढी महागडी साधनं वापरायला कुणाला मिळतात? इथे पुन्हा शेतीतली रीत कामाला येते. कालव्याचं पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही. पाळी लागते, आणि पाटकरी ठरल्या दिवशी ठरल्या शेताला पाणी सोडतो. खोडदच्या दुर्बिणीचीही पाळी लागते. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात. कोणती वस्तू पाहायची, का पाहायची, किती तास लागतील, हे संशोधकाने लिहून द्यायचं. मग तज्ज्ञ ते अर्ज तपासतात आणि तास वाटून देतात. अर्ज भारतातून येतात, तसेच परदेशांतूनही येतात. अर्ज करणारा प्राध्यापक आहे की पीएच.डी.ची विद्यार्थिनी, याला महत्त्व नाही. प्रश्न चांगला हवा.

कालव्याच्या पाण्यात आणि या पाण्यात एक फरक मात्र आहे. शेतात मुरलेलं पाणी दुसऱ्याला मिळत नाही. इथे ठरावीक मुदतीनंतर निरीक्षणाचे आकडे सगळ्यांना खुले होतात. एकाने आपल्या प्रश्नासाठी गोळा केलेल्या आकड्यांत दुसऱ्याला भलतंच काही सापडू शकतं.

साखळीच्या टोकाला काय लागतं?

एकच उदाहरण देतो. विश्वात सर्वांत जास्त आहे तो हायड्रोजन. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ही दोन्ही बारीक चुंबकं असतात. इलेक्ट्रॉनचं चुंबक कधीतरी उलटतं, तेव्हा २१ सेंटिमीटर तरंगलांबीची एक लहर बाहेर पडते. एका अणूत हे घडायला सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. पण दीर्घिकेत अणू इतके असतात की लहरींची संततधार लागते. या लहरीवरून दीर्घिकेत नवे तारे घडवण्याचा कच्चा माल किती उरला आहे, ते कळतं.

अडचण एवढीच, की दीर्घिका जितकी दूर, तितका हा संकेत क्षीण. २०२३ मध्ये खोडदच्या दुर्बिणीने टिपलेला असा एक संकेत जाहीर झाला. तो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत ताणला जाऊन २१ सेंटिमीटरची लहर ४८ सेंटिमीटरची झाली होती. मध्ये असलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि संकेत सुमारे ३० पट मोठा झाला, म्हणून तो हाती लागला. तो निघाला तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यसुद्धा जन्मला नव्हता.

चौकट: थोडक्यात

• विद्यापीठाच्या आवारात संशोधक, संगणक, कार्यशाळा आणि प्रयोगशाळा असतात. दुर्बिणी मात्र जिथे अंधार आणि रेडिओशांतता असते तिथे.

• खोडद: ४५ मीटरच्या ३० छत्र्या, ४३५ जोड्या, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेला एकच डोळा.

• जाळीची भोकं तरंगलांबीहून पुष्कळ लहान असली, की रेडिओलहरीसाठी जाळी म्हणजे सलग पत्राच.

• गिरवली: २ मीटरचा आरसा. वर्णपटाच्या रेघांवरून घटक आणि वेग कळतो.

• सूट: ओझोन अडवतो ते अतिनील किरण टिपायला अवकाशात गेलेली दुर्बीण.

• साधनं सामाईक. वापर पाळीने, आणि पाळी मिळते ती प्रश्नाच्या गुणवत्तेवर.

पुढच्या २८ फेब्रुवारीला

त्या मुलाचा प्रश्न पुन्हा घेऊ. दुर्बीण कुठाय? थोडी खोडदच्या जाळीत, थोडी जमिनीखालच्या प्रकाशतंतूंत, थोडी गिरवलीच्या आरशात, थोडी सूर्याभोवती फिरणाऱ्या यानावर, आणि बरीचशी आकडे निवडत बसलेल्या विद्यार्थ्याच्या चिकाटीत.

मुलांना हे नुसतं सांगून पटणार नाही, दाखवायला हवं. आयुकाच्या आवारात ‘पुलस्त्य’ नावाची इमारत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीसाठी त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून शिकतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदलाही प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांच्या गाड्यांची रांग लागते. मुलांना घेऊन एकदा जाऊन या. छत्रीखाली उभं राहून जाळीतून आभाळ पाहा. आणि फाटकावर कुणी मोबाइल बंद करायला सांगितलं, तर कुरकुर न करता लगेच बंद करा. ८८० कोटी वर्षं चालत आलेला पाहुणा दाराशी असेल, तर आपण निदान बोलणं थांबवावं.